पीजी प्रवेशाच्या फॉर्मात चूक राहिली? आधी दुसरा फॉर्म भरू नका

फॉर्म सबमिट झाला, फी कापली गेली आणि घरी येऊन प्रिंट चाळताना दिसलं की प्रवर्ग भलताच पडलाय. अशा वेळी हमखास सुचणारा उपाय म्हणजे दुसऱ्या ईमेलवरून नवा फॉर्म. तेवढं करू नका. सीयूईटी-पीजीत, म्हणजे केंद्रीय आणि इतर काही विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या सामायिक परीक्षेत, एका उमेदवाराचे दोन अर्ज चालत नाहीत; मग एका चुकीऐवजी दोन भानगडी निस्तरत बसावं लागतं.

१. लॉगिन कुणाच्या हातात आहे ते बघा

आपल्याकडे फॉर्म बहुधा तहसीलसमोरच्या मल्टिसर्व्हिसेसमध्ये भरला जातो. घाईत दुकानदार स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. मग ओटीपी, दुरुस्तीची सूचना, सगळं त्याच्याकडे. पासवर्ड आजच मागून घ्या. अर्जाची पीडीएफ काढा, दहावीची सनद शेजारी ठेवा आणि एकेक रकाना पेनने टिक करत तपासा.

२. चूक किती जड आहे ते ठरवा

एसओपीत (हा अभ्यासक्रम का हवा ते सांगणाऱ्या निवेदनात) एखादं स्पेलिंग चुकलंय? सोडून द्या. मेल केलात तर ज्याचं लक्षही गेलं नसतं त्याला आपणच दाखवून दिल्यासारखं होतं. एका विद्यापीठाच्या एसओपीत दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलं असेल, तर मात्र दुरुस्त प्रत त्याच दिवशी पाठवा.

गुणांचं बघा. ७.४ सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणी-गुण) टक्क्यांच्या रकान्यात तसाच बसला, तर पोर्टल बऱ्याचदा हूं की चूं करत नाही. तो मनानेच दहाने गुणू नका. आपल्या विद्यापीठाचं सूत्र वापरा, नाहीतर परीक्षा विभागातून टक्केवारीचा दाखला घ्या. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, ते ‘फर्स्ट नेम’मध्ये जाऊन बसतं, हेही दुरुस्त करून घ्यायचं. जुन्या कागदांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि फॉर्ममध्ये छत्रपती संभाजीनगर, धाराशिव असेल तर घाबरू नका. नावं २०२३ मध्ये बदलली, ती काही तुमची चूक नव्हे.

सगळ्यात जास्त घोळ प्रवर्गाचा. राज्याच्या फॉर्ममध्ये व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती) असे वेगळे रकाने आहेत, केंद्राच्या फॉर्ममध्ये नाहीत. तिथे केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात शोधायची आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. राज्याचा नमुना जोडून दिला की पडताळणीत अडकलात. एसईबीसी, म्हणजे मराठा समाजाला मिळालेलं आरक्षण राज्यापुरतंच आहे. केंद्रीय विद्यापीठासाठी ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकाच्या) अटी लागू होतात का, ते बघावं. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, गेल्या वर्षीचं तर जोडलं नाही ना?

३. दुरुस्तीची मुदत गाठा

सीयूईटी-पीजीचे अर्ज बंद झाले की दुरुस्तीसाठी थोडेच दिवस पोर्टल उघडतं. काही रकाने तेव्हाही बदलत नाहीत, म्हणून सूचना आधी वाचा. एमबीए, एमसीएच्या कॅप प्रवेशात (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) छाननीत चूक निघाली तर अर्ज तुमच्याकडे परत येतो. शिवाय तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतीसाठी मुदत असते. अंतिम यादीनंतर जागं होऊन उपयोग नाही.

४. मुदत गेली असेल तर अर्ज द्या

विद्यापीठाच्या विभागात स्वतः जाणं बरं. मजकूर एवढाच:

*प्रति, मा. विभागप्रमुख. विषय: अर्ज क्रमांक ____ मधील गुणांच्या दुरुस्तीबाबत. महोदय, माझ्या अर्जात पदवीचे गुण नजरचुकीने ____ असे नोंदवले गेले आहेत. गुणपत्रिकेनुसार ते ____ आहेत. साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. कृपया दुरुस्ती करावी, ही विनंती.*

घरची परिस्थिती, नेट गेलं, लाइट गेली हे लिहू नका. बाबूला अर्ज क्रमांक आणि बरोबर आकडा हवा असतो, कहाणी नको. दुकानदारावरही ढकलू नका. फॉर्मखालचं प्रतिज्ञापत्र तुमच्या नावावर आहे. चूक तुमच्या फायद्याची असेल, म्हणजे गुण जास्त पडले असतील, तरी कळवाच. मूळ कागद तपासताना ती निघते आणि मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

५. पोच घ्या

अर्ज दोन प्रतींत न्या आणि आवक-जावक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. मेल केला असेल तर विषयात अर्ज क्रमांक हवाच. चार-पाच दिवसांत काही कळलं नाही तर फोन करा. पण सकाळी कार्यालय उघडल्या उघडल्या नको, तेव्हा उचलायला कुणी नसतं.