पेपर नीट तपासला नाही? कोर्टात जायच्या आधी हे करा

वकील होण्याआधी मी स्वतः एटीकेटीवाली, म्हणजे नापास विषय घेऊन पुढच्या वर्षात गेलेली. दुसऱ्या वर्षाला एका पेपरात ३४ मार्क, पासिंगला ४० हवे होते. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर पानं मांडून बसले. मुख्य उत्तरपत्रिकेवर जागोजागी लाल पेन फिरलेलं, पुरवणीच्या साडेतीन पानांवर साधी टिकसुद्धा नाही. परीक्षा विभागातले साहेब म्हणाले, "महिन्याभराने या." मी दोन ओळींचा अर्ज लिहिला, पुरवणीची झेरॉक्स जोडली आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. पुरवणी तपासली गेली, अकरा मार्क वाढले. कोर्ट लागलंच नाही.

आता पोरं माझ्याकडे येतात ती "मॅडम, रिट टाकू" म्हणतच, म्हणजे थेट हायकोर्टात याचिका. मी आधी विचारते: मार्क कमी वाटतात, की चूक दाखवता येते? "मला ५२ नाही, ६० पडायला हवे होते" हे कोर्ट ऐकत नाही. परितोष सेठ प्रकरणात, १९८४ साली, आपल्याच राज्य बोर्डाच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुनर्मूल्यांकन नियमात नसेल तर तो विद्यार्थ्याचा हक्क नाही. डिसेंबर २०१७ च्या रणविजय सिंह निकालात तेच, वर संशयाचा फायदाही परीक्षा घेणाऱ्यांना. पण उत्तरसूचीतलं उत्तरच धडधडीत चुकीचं असेल तर गोष्ट वेगळी. कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात, १९८३ साली, विद्यार्थी त्याच मुद्द्यावर जिंकले होते. विद्यापीठाने स्वतःचाच नियम मोडला, आकसाने वागलं, किंवा कॉपीच्या आरोपाखाली बाजू न ऐकता वर्ष रद्द केलं, तर घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्ट नक्की हात घालतं. मात्र बहुतेकदा कोर्ट स्वतः निर्णय देत नाही, "पुन्हा सुनावणी घ्या" म्हणून प्रकरण परत पाठवतं. त्याची तयारी ठेवा.

म्हणून क्रम असा. निकाल लागला की त्याच आठवड्यात छायांकित प्रतीचा अर्ज. मुदत थोडी असते आणि उत्तरपत्रिका काही काळाने रद्दीत जातात. मुदत हुकली तर माहिती अधिकार. स्वतःची उत्तरपत्रिका बघता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

मग विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे तिने शक्यतो कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा. पटला नाही तर निर्णय हातात पडल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. तोही नुसती फेरतपासणीची मागणी घेत नाही, नेमकी अनियमितता दाखवावी लागते. ही पायरी गाळू नका. न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आधी कुठे दाद मागितली?" परीक्षा आठवड्यावर आली असेल आणि हॉल तिकीटच अडवलं असेल, तर मात्र थांबू नका, थेट वकील गाठा.

ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) जाऊ नका. परीक्षा ही 'सेवा' नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही, हे २००९ आणि २०१० च्या निकालांनी मिटलंय. तरी कुणीतरी काका ते सुचवतातच.

खर्चाची भीती असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची गाडीही पकडायला नको, हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच बसतं.

याचिकेत शेवटी मागणी लिहितात, तिथे माझा पेन सगळ्यात जास्त अडतो. "याचिकाकर्त्यास उत्तीर्ण घोषित करावे" असं पोरं लिहून आणतात. मी ते खोडते आणि लिहिते: "पुरवणी क्रमांक अमुक तपासून सुधारित निकाल दोन आठवड्यांत द्यावा."