कंपवात की दुसराच आजार? या चुका टाळा

वयस्कर माणसाचा हात थरथरू लागला की घरात 'कंपवात' हा शब्द लगेच उच्चारला जातो. मात्र कंपवातासारखे, म्हणजेच पार्किन्सनसारखे, दिसणारे आजार अनेक आहेत आणि त्यांतले काही तर बरेही होऊ शकतात.

पहिली चूक म्हणजे कंप केव्हा होतो हे न पाहणे. रुग्णाला हात मांडीवर सैल सोडायला सांगून शंभरातून सात-सात वजा करायला लावावे. पार्किन्सनमध्ये अशा वेळी बहुधा एकाच हाताचा अंगठा आणि तर्जनी, गोळी वळावी तशी, एकमेकांवर फिरू लागतात. मांडीवरचे हात स्थिर, पण चहाचा कप ओठांशी नेताना किंवा सही करताना दोन्ही थरथरतात, आणि वडिलांनाही तसेच होत असे, तर तो 'इसेन्शियल ट्रेमर', म्हणजे काम करताना हात थरथरण्याचा वेगळाच आजार, असण्याची शक्यता अधिक.

औषधांची पिशवी न तपासणे ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती सहज टाळता येते. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोलच्या जोडीला पुष्कळदा लेव्होसल्पिराइड असते. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिले जाते. ही औषधे मेंदूतील डोपामिन या हालचालींसाठी लागणाऱ्या रसायनाच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे अंग ताठरते आणि हालचाली मंदावतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवल्यावर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. म्हणून पाकिटावरच्या ठळक नावावर न थांबता खालची बारीक अक्षरेही वाचावीत.

तिसरी चूक लक्षणांचा क्रम विसरण्याची. पहिल्या वर्षातच रुग्ण वारंवार मागच्या मागे पडत असेल आणि नजर खाली वळत नसल्याने जिन्याची पायरी चुकत असेल किंवा ताटातले अन्न सांडत असेल, तर प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या तोल आणि नजर बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजाराचा विचार व्हायला हवा. उभे राहताच रक्तदाब उतरणे आणि लघवीवरचा ताबा जाणे ही सुरुवातीचीच लक्षणे असतील, तर मल्टिपल सिस्टीम ॲट्रॉफीचा, म्हणजे शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रियाही बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजाराचा. ताठरपणाच्या आधी किंवा वर्षभरात विस्मरण आणि माणसे-प्राणी दिसण्याचे भास सुरू झाले असतील, तर लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराची शंका घ्यावी. अशा रुग्णाला भासांवर हॅलोपेरिडॉल दिल्यास प्रकृती एकाएकी गंभीर होऊ शकते.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होणे हीदेखील चूकच, कारण पार्किन्सनमध्ये तो बहुधा नॉर्मलच येतो. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना रुग्ण खुर्चीतून उठतानाचा आणि चालतानाचा व्हिडिओ, तसेच कोणते लक्षण कोणत्या महिन्यात दिसले याची नोंद सोबत न्यावी.