उभी राहिलेली ॲम्बेसेडर इस्टेट: सुरू होते, दहा मिनिटांत बंद पडते

काकांची ॲम्बेसेडर इस्टेट, म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेली गाडी, अकरा वर्षं गोठ्यात उभी होती. नवी बॅटरी, नवं ऑइल घातलं आणि गाडी सुरू झाली. पण पाच-दहा मिनिटांत आचके देऊन बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच.

प्लग, पॉइंट, कंडेन्सर हे ठिणगीचे भाग बदलले. कार्बोरेटर दोनदा खोलला. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्रामही (आतला पडदा) नवा टाकला. दोन महिने डोकं फुटायची वेळ आली.

शेवटी अंगणात, मोकळ्या हवेत, टाकीची लाइन सोडून पंपाला थेट ताज्या पेट्रोलची बाटली जोडली. अर्धा तास इंजिन न अडखळता चाललं. म्हणजे दोष पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पेट्रोल उपसलं, टाकी उतरवली. तळाशी चहाच्या चोथ्यासारखे गंजाचे पापुद्रे! इंजिन ओढायला लागलं की ते आतल्या जाळीला चिकटायचे, थांबलं की गळून पडायचे.

टाकीत पांढरं व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून 24 तास ठेवली, अधूनमधून हलवली. नट मोजून बाहेर काढले. खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन उन्हात कडक वाळवली आणि लगेच थोडं पेट्रोल आत फिरवलं, नाहीतर रात्रीत पुन्हा गंज धरतो. लोखंडी लाइन पंपाकडून टाकीकडे हवेनं फुंकली. रबरी नळ्या ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालणाऱ्या घेतल्या. पंपाआधी पारदर्शक फिल्टर बसवला. पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तो दोनदा बदलावा लागला.

आणि हो, रस्त्यावर काढण्याआधी ब्रेकचे व्हील सिलेंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) उघडून बघा. माझ्याकडे चारपैकी तीन चाकांचे जाम होते.