फौजीच्या घरातल्या बायकांसाठी तीन दिवसांचं डोंगर-शिबिर कसं भरवावं

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथं घरटी एकजण तरी फौजेत असतो किंवा निवृत्त होऊन आलेला असतो. तो सीमेवर असतो तेव्हा इकडे म्हशींची धार, उसाला पाणी, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, पोरांची फी आणि बँकेचं केवायसी सगळं एकट्या बाईच्या गळ्यात असतं. अशा बाईला डोंगरावर नेऊन तिथंही दमवायचं असेल तर त्यापेक्षा ती घरीच बरी. तीन दिवसांत एकही निर्णय तिच्या अंगावर पडू नये, हे शिबिराचं पहिलं सूत्र धरा. जागा, अंतर, जेवण आणि फोन हे सगळं त्यावरून ठरवा.

महिना आणि माणसं

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यांत सोयीचा. सोयाबीन निघालेलं असतं, ज्वारीची काढणी लांब असते, पायवाटा कोरड्या असतात आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी भरपूर असतं. पावसाळ्यात नको, कारण जळवा, धुकं आणि शेवाळलेले दगड. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटतं आणि होडीपर्यंत जायला चिखल तुडवावा लागतो. चैत्रात गावोगावच्या यात्रा, त्यामुळे तेव्हा कुणी घर सोडत नाही. तारीख नक्की करण्यापूर्वी प्रत्येकीला एकच विचारा: मालक सुट्टीवर कधी येणार आहेत? जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते. त्यात शिबिर आलं तर नाव हमखास गळतं. उलट सुट्टी संपवून तो परत गेला, की पुढचे दहा-पंधरा दिवस घर खायला उठतं. शिबिर तेव्हा भरवलं तर त्याचा खरा उपयोग होतो.

चौदा जणी आणि तीन कार्यकर्त्या एवढी संख्या पुरे. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सगळ्या मावतात, दुसरी गाडी लागत नाही. कार्यकर्त्यांपैकी एक पुढे चालते, एक सगळ्यांत मागे आणि तिसरी मुक्कामावर फोनजवळ थांबते. वाट माहीत असलेला गावातला वाटाड्या या तिघींशिवाय हवा. गाडी आणि ड्रायव्हर तिन्ही दिवस, रात्रीसुद्धा, मुक्कामावरच ठेवा. भाडं वाचवण्यासाठी गाडी परत पाठवली आणि रात्री दोन वाजता कुणाच्या पोटात दुखायला लागलं, तर घाटातून गाडी बोलावण्यात तास-दीड तास जातो.

वीरपत्नी यायच्या असतील तर त्यांना आधी वेगळं भेटून विचारा. तेरा जणींत एकटी वीरपत्नी असं कधीही करू नका. तीन-चार जणी तरी बरोबर असाव्यात, नाहीतर त्यांची वेगळी तुकडी करावी. हळदी-कुंकू, ओटी भरणं असलं काही कार्यक्रमात घुसू देऊ नका. कुणीतरी उत्साहाने पिशवीत करंडा घेऊन येतेच, म्हणून हे पत्रातच लिहून टाका.

घरच्यांची परवानगी

ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि मग आयत्या वेळी पाच नावं कमी होतात. पत्र सुनेच्या नावाने नको, सासू-सासऱ्यांच्या नावाने द्या. त्यात मुक्कामाचं ठिकाण, बरोबरच्या बायकांची गावं, मुक्कामावरचा फोन आणि परतीची वेळ असावी. सज्जनगडाचं दर्शन कार्यक्रमात आहे हे ठळक लिहा. समर्थांच्या समाधीला जायचं म्हटल्यावर अर्धे प्रश्न तिथंच मिटतात, आणि त्यात काही खोटंही नाही. म्हशींच्या धारेची आणि पाच वर्षांखालच्या मुलांची सोय कोण करणार, याचं नाव फॉर्मवर लिहून घ्या. ‘बघू काहीतरी’ असं लिहिलेला फॉर्म अपूर्ण समजा, कारण ती बाई दोन्ही रात्री घरी फोन करत बसते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आधी कळवून ठेवा. माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या घरांपर्यंत निरोप पोहोचवायला त्याची मदत होते.

जागा निवडताना रेंज बघा

शहरातल्या शिबिरांत फोन काढून पेटीत ठेवतात. इथं तसं केलंत तर सगळं बिघडेल. सीमेजवळच्या फॉरवर्ड भागातून जवानाला फोन करायला जी वेळ मिळते तेवढीच; तो कॉल चुकला तर इकडून परत लावता येत नाही. रेंज नसलेल्या खोऱ्यात बसलेली बाई झाडं बघत नाही, फोनवरची कांडी बघते.

म्हणून मुक्काम यवतेश्वर ते कास या रस्त्यावर ठेवा. साताऱ्यातून घाट चढला की यवतेश्वर, आणि कास सुमारे पंचवीस किलोमीटरवर. रस्त्याला घरगुती मुक्कामाची ठिकाणं आहेत, जेवण मिळतं आणि साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय तासाभराच्या आत येतं. जागा बघायला जाताना तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं बरोबर न्या. अंगणात, खोलीत आणि चालायच्या वाटेवर दर अर्ध्या किलोमीटरला थांबून प्रत्येकावरून प्रत्यक्ष फोन लावा. नुसत्या कांड्या दिसतात म्हणून फसू नका. मुक्कामावरचा नंबर प्रत्येकीने नवऱ्याला आठवडाभर आधी कळवावा, आणि त्याची नेहमीची फोनची वेळ फॉर्मवर घ्यावी. बहुतेक वेळा ती संध्याकाळची सात ते नऊ असते. त्या वेळात कार्यक्रम ठेवू नका.

ओळख करून देताना ‘मिस्टर कुठं असतात?’ हा प्रश्न बाद. युनिट, ठिकाण, सुट्टीची तारीख यातलं काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फोटोखाली जाता कामा नये. नाव, गाव आणि लहानपणी कोणता खेळ आवडायचा, एवढ्यावर ओळख होते.

आरोग्याचा फॉर्म

बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, गरोदरपण, गेल्या सहा महिन्यांतलं ऑपरेशन आणि चालू गोळ्या एवढं विचारा. शिवाय दोन मजले न थांबता चढल्यावर धाप लागते का, चक्कर येते का, हेही. रक्त कमी असलेल्या बायका पुष्कळ असतात आणि चढावर त्याच आधी बसतात. उत्तर ‘हो’ आलं तर नाव कापू नका, हिमोग्लोबिन तपासून यायला सांगा आणि त्यांना सपाट वाटेवर न्या.

बूट नवे असतील तर निदान पंधरा दिवस आधीपासून घरात आणि रानात वापरायला सांगा. पायाची नखं आदल्या दिवशी कापावीत. उतारावर पाय पुढे घसरून बोटं टोकाला आपटतात आणि नखं काळी पडतात, त्यामुळे उतरायला लागण्यापूर्वी नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधून घ्या. साडीत उतार उतरणं धोक्याचं, कारण पुढच्या निऱ्या पायात येतात. सलवार किंवा ट्रॅकपँट घेऊन यायला सांगा. घरून साडीत निघायचं असेल तर मुक्कामावर बदलता येईल, हेही आधीच सांगून ठेवा.

चालणं

एका वेळेला तीन ते चार किलोमीटर, त्यासाठी दोन तास. सकाळी साडेसातला निघा. पहिली पंधरा मिनिटं इतकं हळू चाला की शेवटच्या बाईलाही न थांबता गप्पा मारता आल्या पाहिजेत. पुढची कार्यकर्ती तुरुतुरु गेली की मागच्या चौघी लाजेने धावतात, दमतात आणि दुसऱ्या दिवशी ‘माझा गुडघा दुखतोय’ म्हणून खोलीत बसतात. दर पंचवीस मिनिटांनी थांबा, आणि मागची पोहोचल्यावर तिलाही पूर्ण पाच मिनिटं द्या. ती आली की लगेच उठून चालू लागणं ही नेहमीची खोड आहे.

पाणी प्रत्येकी दोन लिटर. पण बाटल्या वाहून नेल्या तरी बायका पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायला जागा नसते. मग दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि घरी गेल्यावर लघवीला जळजळ. चार बांबू आणि जुन्या चादरींचा आडोसा, नाहीतर बाजारात मिळणारा उभा तंबू बरोबर घ्या. पाण्यापासून निदान साठ पावलं लांब वीतभर खोल खड्डा खणून शेजारी खुरपं ठेवा, वापरल्यावर माती लोटायची. वापरलेल्या पॅडसाठी कागद आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या ठेवा. त्या परत आणायच्या, पुरायच्या नाहीत. आडोसा कुठं आहे हे निघतानाच मोठ्याने सांगा, विचारायची वेळ कुणावर येऊ नये.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, पोहोचल्यावर वीस मिनिटं एकटीने बसायचं. एकमेकींपासून दहा-बारा पावलं लांब, पण कार्यकर्तीच्या नजरेच्या टप्प्यात. सूचना एवढीच, की बोलायचं नाही. ध्यान, श्वास, मंत्र काही सांगू नका. कुणीतरी रडते. तिच्याभोवती गराडा घालू नका, ‘रडू नको, तू फौजीची बायको आहेस’ हे तर मुळीच नको. एकीने जवळ जाऊन पाणी द्यावं आणि शेजारी बसून राहावं. झोप लागत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही असं कुणी बोलली, तर तिला एकटं सोडू नका आणि टेलिमानसचा 14416 हा नंबर स्वतः लावून द्या. ही सरकारची मोफत सेवा आहे आणि मराठीत बोलता येतं.

कासच्या पठारावर फुलांच्या मोसमात, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, गर्दी असते. प्रवेश मर्यादित असतो आणि फुलांत बसायचा प्रश्नच येत नाही. शांत बसण्यासाठी त्या दिवसांत तिथं जाऊ नका.

कड्याच्या आणि किल्ल्याच्या वाटेवर आग्या मोहोळं असतात. गजरा, अत्तर, उग्र वासाचं तेल त्या दिवशी नको, आणि धूर कुणीही करायचा नाही. माश्या उठल्या तर हात झाडू नका. ओढणीने तोंड झाकून आल्या वाटेने झपाझप लांब जा. काटा नखाने खरवडून लगेच काढा. या भागात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, म्हणून दगड उचलून बसायची जागा करू नका. साप चावलाच तर चीर नको, आवळपट्टी नको. पाय हलू न देता बाईला उचलून गाडीत घाला, 108 लावा आणि थेट जिल्हा रुग्णालय गाठा.

होडीचा दिवस

दुसरा दिवस बामणोलीला. सातारा ते बामणोली सुमारे चाळीस किलोमीटर. कोयना धरणाचं पाणी तिथवर पसरलेलं आहे, तोच शिवसागर. तिथून वासोटा किल्ल्यावर जायचा मोह आवरा. होडीने दीड तास, मग जंगलातून अडीच-तीन तासांची चढण, वनखात्याची परवानगी, फोनला रेंज नाही आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचंच. एक जण मागे राहिली की तेरा जणी घड्याळाकडे बघत उतरतात. पहिल्या शिबिरात पाण्यावर एक तास पुरे. एका तासाच्या फेरीत सकाळच्या उन्हात सगळ्या गप्प होतात, चढण लागत नाही.

लाइफ जॅकेट घालून झाल्यावर प्रत्येकीचं जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे, पाण्यात गेल्यावर डोक्यावरून निघून येईल. पट्टे आवळा, ओढणी आत खोचा. होडीवाल्याने ‘काय होत नाय ताई’ म्हटलं तरी जॅकेटशिवाय कुणालाही बसवू नका. फोटोसाठी सगळ्या एका बाजूला सरकतात, तेव्हाच होडी कलते. हे सुटण्यापूर्वी सांगा.

जेवण

स्वयंपाकघरात एकाही बाईने पाय ठेवायचा नाही, हा नियम मुक्कामाच्या मालकिणीला सांगा आणि दाराशी कार्यकर्ती उभी करा. सवयीने त्या आत शिरतात, ‘भाकऱ्या मी थापते’ म्हणतात, आणि अर्ध्या तासात सगळ्याच आत असतात. वाढणं आणि भांडी उचलणंही त्यांच्याकडे नको.

सतरा माणसांना एका वेळी ज्वारीचं पीठ तीन किलो लागतं. किलोला चौदा-पंधरा भाकऱ्या होतात. पिठल्याला बेसन सातशे ग्रॅम, भाताला तांदूळ सव्वा किलो, सकाळच्या पोह्यांना सव्वा किलो पोहे. ठेचा वेगळ्या वाटीत द्या, सगळ्यांना झेपत नाही. वाटेसाठी शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू, प्रत्येकी दोन. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि त्याच छोट्या चमच्याने अर्धा चमचा मीठ कालवून दोन बाटल्या तयार ठेवा. मीठ अंदाजाने टाकू नका.

तिसरा दिवस आणि त्यानंतर

तिसऱ्या दिवशी उशिरा उठू द्या. नाश्ता करून साताऱ्यात उतरा आणि तिथून परळीमार्गे सज्जनगड. गाडी वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना वेळ द्या. दर्शन, प्रसाद आणि दुपारी तीनपर्यंत साताऱ्यात. दिवस मावळायच्या आत प्रत्येकीला घरी पोहोचवायचं, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच सासूबाई नाही म्हणतील.

दहा-बारा दिवसांनी प्रत्येकीला फोन करा, पण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. सकाळ-संध्याकाळ धारेची वेळ असते. ‘शिबिर कसं वाटलं’ विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर येतं. झोप कशी लागते, गुडघा कसा आहे, परत कुणाबरोबर चालायला गेलात का, असं नेमकं विचारा. एका तालुक्यातल्या तीन-चार जणींना शनिवारी सकाळी जवळच्या टेकडीवर जायला जोडून द्या. साताऱ्यातल्यांना अजिंक्यतारा, कोरेगावकडच्यांना जरंडेश्वर. पुढच्या शिबिराची पहिली चार नावं त्यांच्याकडूनच घ्या.