याकुझा सिरीज नव्या माणसाला कुठून सुरू करून द्यायची

नागपुरातले बरेच दोस्त विचारून राहिले की याकुझा या जपानी व्हिडिओ गेमचे एवढे पार्ट, सुरू कुठून करू. भाऊ, 2005 च्या पहिल्या पार्टपासून लावूच नका. 'याकुझा झीरो' द्या, आला 2015 ला पण कथा 1988 ची, मुख्य कथेत सगळ्यांच्या आधीची, त्यामुळे मागचं काही माहीत नसलं तरी चालते. मूळ गेममध्ये संवाद जपानी आहेत, सबटायटल वाचावं लागते, डिफिकल्टी इझी ठेवा.

मारामारी जमत नसेल तर याच सिरीजचा 2020 चा 'याकुझा: लाईक अ ड्रॅगन', हिरोच नवा, कासुगा, अन् फाईट पाळीपाळीनं, धरमपेठची माझी मावसबहीण मेनूत आरामात वार निवडत बसते.

अन् प्लीज, बाजूला बसून कंट्रोलर ओढू नका, नव्या माणसाला गेममधल्या कराओकेत, म्हणजे गाण्याच्या छोट्या खेळात, रमायचं असेल तर रमू द्या नं!