लांबच्या परदेशी बाइकवारीत टायर आणि पार्ट कसे मिळवावेत

दापोलीहून घरी येताना दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवली, तेव्हाच मागच्या चाकातून घरघर ऐकू येत होती. धोपाव्याला उतरून चाक हाताने हलवून पाहिलं तर डुगडुगत होतं. हळूहळू गुहागर गाठलं. रविवार, गॅरेज बंद. बेअरिंग ठोकून बाहेर काढलं, फडक्याने पुसलं, तर कडेला बारीक आकडा कोरलेला: ६२०४. पंप रिवाइंडिंगवाल्या दादांना नुसता तो आकडा सांगितला आणि त्यांनी फळीवरून डबी काढून हातात ठेवली. तेच बेअरिंग विहिरीवरच्या मोटारीलाही बसतं.

परदेशात पार्ट शोधताना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असं वाटतं ते हेच. तिथल्या दुकानदाराने तुमचं मॉडेल कदाचित कधी पाहिलेलंही नसेल. पण ६२०४ जगात कुठेही घ्या, आतलं भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. आकड्यापुढे '२आरएस' असलेलं मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील येतं. पाणी, धूळ आणि आपली खारी हवा यांच्यापुढे तेच टिकतं.

आधी गाडीची वही करा

निघायच्या दोन-तीन महिने आधी मेकॅनिकजवळ एक दिवस बसा आणि झिजणाऱ्या प्रत्येक वस्तूचा नंबर उतरवून घ्या. चाकांची बेअरिंग, ऑइल सील (त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात), चेनचा नंबर आणि कड्यांची संख्या, दोन्ही स्प्रॉकेटचे दात, प्लग, फिल्टर, बल्ब. ब्रेक पॅड आलेखाच्या कागदावर ठेवून वरून फोटो काढा. भाषा येत नसली तरी चौकोन मोजता येतात. वहीचे फोटो घरच्या एका माणसाकडेही असू द्यात.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

समजा मागच्या टायरवर १२०/९०-१७ ६४एस असं आहे. १२० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ९० म्हणजे उंची रुंदीच्या नव्वद टक्के, १७ हा रिमचा इंचांतला व्यास. ६४ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे २८० किलोपर्यंत. एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंतचा वेग. यातल्या रिमच्या आकड्यात तडजोड नाही. वजनाचा निर्देशांकही खाली उतरू देऊ नका, कारण प्रवासात पेट्या, तंबू, पाणी सगळं मागच्याच चाकावर येतं. रुंदीत मात्र थोडं इकडेतिकडे चालतं. १२०/९०-१७ मिळत नसेल तर १३०/८०-१७ची एकूण उंची जवळपास तेवढीच भरते. तो चेनला किंवा मडगार्डला घासणार नाही ना, हे इथेच आपल्या टायरवाल्याकडे बसवून बघा.

डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात वर्षानुवर्षं टांगलेला टायर वरून नवा दिसतो, पण रबर कडक झालेलं असतं. पाच वर्षांपलीकडचा मी घेत नाही.

कुठे घ्यायचा ते नकाशावर आधीच ठरवा

मोठं शहर आलं की जुना अजून अर्धा शिल्लक असला तरी टायरचा विचार करा. मध्य आशियातल्या पामिर पर्वतांकडे जाणारे किर्गिझस्तानातल्या ओश शहरात नवे टायर चढवतात, कारण पुढे डोंगरात मिळण्याची खात्री नाही. चिलीतल्या इकिके बंदरात करमुक्त व्यापारक्षेत्र आहे, तिथे टायरांची मोठी निवड असते. केनिया-युगांडात आपल्या बजाजची बॉक्सर ही बाइक टॅक्सी म्हणून धावते, त्यामुळे ३.००-१७चा टायर आणि ट्यूब छोट्या गावातही सापडते. कोलंबियात पल्सर भरपूर. गाडी अजून घ्यायची असेल तर जिथे जायचंय तिथले लोक काय चालवतात, हे आधी बघा.

पंक्चरवाल्याला काय म्हणतात तेही लिहून घ्या. तुर्कस्तानात लास्तिकची. आपल्या मशालची, खजांचीतला 'ची' तोच, म्हणून विसरायला होत नाही. रशियन चालते तिथे शिनोमोंताज, अर्जेंटिनात गोमेरिया, इंडोनेशियात तांबाल बान.

मिळालाच नाही तर

पार्सल कस्टममध्ये अडकलं की दिवसाचं भाडं आणि व्हिसा दोन्ही सरत जातात. केबल किंवा ब्रेक पॅडसारखी छोटी वस्तू येणाऱ्या माणसाच्या हाती मागवावी. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. वाडीत चार घरं सोडून कुणीतरी मस्कतला नाहीतर दुबईला असतोच, कुणी बोटीवर असतो. निघण्यापूर्वी त्यांचे पत्ते आणि सुट्टीच्या तारखा विचारून ठेवा.

सोबत न्यायचं थोडंच: चेनलॉक (चेनची टोकं जोडायची कडी) दोन, क्लच आणि ऍक्सिलरेटरची केबल, चाकांची बेअरिंग, ब्रेक पॅडचा एक संच, प्लग, टायर टॉमी (टायर उचकटायची पट्टी), पंप, पंक्चरचं सोल्युशन. पुढचं चाक २१ इंची असेल तर तीच ट्यूब न्या. अडचणीत मागच्या लहान चाकातही तात्पुरती भरता येते. मागची ट्यूब मात्र पुढे ताणून फाटते. कार्नेवर (गाडी तात्पुरती परदेशात नेण्यासाठीचं कस्टमचं कागदपत्र) जाणार असाल तर त्यात जादा टायरांची संख्या लिहायची जागा असते. बांधून नेलेला टायर तिथे नोंदवा.

आणि घरच्या खळ्यात एकदा तरी मागचा टायर स्वतः उतरवून चढवा. टॉमी घालण्याआधी समोरची कड पायाने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा, नाहीतर कितीही जोर लावा, टायर निघत नाही आणि ट्यूब मात्र चिमटते. चढवताना कडेला साबणाचं पाणी लावा, बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच ठेवा. हवा भरत जाल तसे दोनदा फट्ट आवाज येतात, एकेका कडेचा एकेक. मग रिमलगतची रेघ सगळीकडून सारखी दिसतेय का, ते चाक फिरवून बघा.