बाग, पदपथ, बाजारपेठ सुधारताय? या चुका टाळा

वॉर्डात सुशोभीकरणाला निधी मंजूर झाला की पहिल्याच बैठकीत मोबाईलवर सिंगापूरचे फोटो फिरू लागतात. कुणाला कारंजं हवं असतं, कुणाला सेल्फी पॉइंट. जागेवर जाऊन तासभर उभं राहायला मात्र कुणाला वेळ नसतो. मला याचा खरोखर राग येतो, कारण पुढची बहुतेक नासाडी इथूनच सुरू होते.

जागा कोण वापरतं हे न बघता आराखडा काढणं. आमच्या भागात एक मोकळा भूखंड होता. सकाळी म्हातारी माणसं, दुपारी कडुनिंबाखाली डबा खाणारे रिक्षावाले, संध्याकाळी मुलांचं क्रिकेट आणि कडेला गप्पा मारणाऱ्या बायका. तिथे उद्यान करायचं ठरलं. डोक्याएवढी भिंत आली, एकच फाटक आलं, हिरवळ आली, हिरवळीवर चालू नये अशी पाटी आली आणि मधोमध कारंजं. दुपारी फाटकाला कुलूप. मुलं रस्त्यावर खेळू लागली. भिंतीमुळे आतलं काही दिसेना, म्हणून अंधार पडायच्या आत बायकाही उठून जाऊ लागल्या. कारंज्याचा पंप बिघडला, हौदात पाणी साचलं आणि पावसाळ्यात फवारणीवाल्यांना बोलवावं लागलं. पुढे बराच पाठपुरावा करून आम्ही भिंतीच्या जागी जाळी लावून घेतली, मागच्या गल्लीत दुसरं फाटक काढलं आणि निम्मी हिरवळ उखडून तिथे मुरूम टाकला. मुलं परतली, त्यांच्यामागून बाकीचेही आले.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा वसवलं. तिथल्या फाइव्ह गार्डन्सभोवती एक चक्कर मारा. घरांची तोंडं बागांकडे आहेत, त्यामुळे गॅलरीतून बागेवर सहज नजर राहते. राखणदाराचं निम्मं काम अशा मांडणीनेच होतं.

माझी सवय सांगते. नव्या जागेवर सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर, अशा तिन्ही वेळा जायचं. त्यातली एक फेरी रविवारची. लोकांनी स्वतःच पाडलेल्या पायवाटा कागदावर उतरवायच्या. बागेतले रस्ते तिथूनच न्यायचे. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी दुसऱ्यांच्या जागांचे आराखडे काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक फाटकाशी तुटणारा पदपथ. ब्लॉक बदलले की पदपथ सुधारला असं समजू नका. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि १५० मिलिमीटरपेक्षा जास्त उंच नसलेली कड सांगितली आहे. प्रत्यक्षात गुडघ्याला त्रास होईल इतकी उंच पायरी असते आणि दर सोसायटीच्या फाटकाशी पदपथ उतरतो, पुन्हा चढतो. दोन चढउतार झाले की आजी रस्त्यावरूनच चालू लागतात. पदपथाची पातळी फाटकासमोरही तीच ठेवा; चढ-उतार गाडीने करावा. मी टेप सोबत ठेवते आणि विजेचा डीपी बॉक्स, खांब, दुकानाची पायरी वगळून उरलेली रुंदीच मोजते.

झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट. मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, मग वादळात झाड पडलं की दोष झाडाला. चारी बाजूंनी मीटरभर माती मोकळी सोडा.

उन्हात तापणारे स्टीलचे बाक नकोत. सावली आधी, बाक नंतर.

बाजारपेठ सुधारायची म्हणून फेरीवाले हटवणं. भाजीवाली असते म्हणून रात्री आठलाही त्या रस्त्यावर वर्दळ असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांतले असावे लागतात. त्यांच्याशी बसून जागा आखा. आणि वाहनबंदी एकदम कायमची जाहीर करू नका. पुण्यात पादचारी दिनाला लक्ष्मी रस्ता एका दिवसापुरता माणसांसाठी मोकळा करतात. अशा एका दिवसात मालाचा टेम्पो कुठे अडतो ते कळतं आणि दुकानदारांची भीतीही कमी होते.

जमिनीवरचं आरक्षण विसरून रंगरंगोटीत रमणं. ही चूक सर्वांत महाग पडते. विकास आराखड्यात बागेसाठी ठेवलेली खासगी जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. लोक भिंतीवरच्या वारली चित्रांसाठी भांडतात आणि शेजारचा भूखंड हातचा जातो. प्रभागातल्या आरक्षणांचे सर्व्हे नंबर वहीत लिहून ठेवा, दरवर्षी भूसंपादन कुठवर आलं ते माहिती अधिकारात विचारा. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकत मुदतीत, लेखी आणि सर्व्हे नंबरसह द्या. पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारीख आहे ना, ते खिडकीवरून हलण्याआधी बघून घ्या.